सत्तावीस झोपलेले पोलीस

१

दार्सिना आजीचा जनाजा मंगळवारी सकाळी नऊला उचलला आणि पन्नास पावलांवरच अडला.

समोर भिंत होती. आठ फूट उंच, वर काचांचे तुकडे, आणि मधोमध एक लोखंडी दार. भिंतीपलीकडे ग्रिया मेलाती कॉलनी आणि कॉलनीपलीकडे मोठा रस्ता. त्या रस्त्यावरच दवाखाना, बाजार आणि कब्रस्तान. केदुंगसारी वस्तीतल्या कुणाचाही बाप, आजा, पणजा याच वाटेने कब्रस्तानात गेला होता. बारा वर्षांपूर्वी कॉलनी झाली, भिंत आली आणि वाट दारामागे गेली. दाराला कुलूप होतं.

कॉलनीचा पहारेकरी सरकुम वस्तीतलाच. तो दार उघडायची परवानगी मागायला धावत गेला होता. तो भिंतीपलीकडूनच बोलला, त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही.

"हेन्द्रात्मो साहेब म्हणतात, दार गटार साफ करायला आहे. माणसांसाठी नाही."

"मेलेल्या माणसासाठीही नाही?" कुणीतरी विचारलं.

"तेही विचारलं मी. म्हणाले, आज मेलेल्याला सोडलं की उद्या जिवंत येतील."

जनाजा वळला. ऊस कारखान्याच्या रस्त्याने, मोठ्या पाटावरून, दोन नव्या कॉलन्यांना वळसा घालून चार किलोमीटर आणि एकशेवीस मीटर. एवढ्या वाटेवर सत्तावीस गतिरोधक. या पुर्वोकर्तो शहरात गतिरोधकाला सगळे झोपलेला पोलीसच म्हणतात. प्रत्येक पोलिसापाशी खांदेकरी थबकत, पाय चाचपत, आणि आतलं हलकं म्हातारं शरीर एकदा हलायचं. पुढच्या उजव्या दांडीला आजीचा पुतण्या विर्यो होता. बाकीच्यांनी खांदा बदलला, त्याने नाही. त्याच्या सदऱ्याचा खांदा शेवटी फाटला.

बायका जनाज्यामागे जात नाहीत, म्हणून नास्तिती विदुरी बरीच मागे राहून चालत होती. ती नगरपालिकेच्या रस्तेविभागात, वय सत्तावन्न. वस्तीतली कास्मिनी तिच्यापाशी आली. आजीची शेजारीण, जेवणाच्या ऑर्डरी घेणारी, तोंडाची फटकळ. पण आज तिचा आवाज निघत नव्हता.

"बाई, पोलिसांनी लिहिलंय पाय घसरून पाटात पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षं पाटावरच्या त्या फळीवरून गेली ती. डोळे मिटून गेली असती."

"म्हातारपण असतं, ताई."

"असेल. पण मग तिच्या पानाच्या डब्यातला कागद कुठं गेला?"

२

कागदाचं महत्त्व नास्तितीला कुणी सांगायला नको होतं.

गुरुवारी नगरपालिकेत सुनावणी होती. भिंतीतलं दार वस्तीसाठी कायमचं उघडायचं की विटांनी बुजवून टाकायचं, एवढाच प्रश्न. तिथे पूर्वापार वहिवाट होती हे सिद्ध झालं तर दार उघडणार. नाही झालं तर शुक्रवारी गवंडी येणार होता. पुरावा एकच: गावच्या जुन्या कारभाऱ्याच्या शिक्क्याचा पिवळा पडलेला कागद, त्यावर ती वाट आखलेली. आजीने तो पन्नास वर्षं सुपारी-चुन्याशेजारी जपला होता. मोहल्ल्यात कुणीही आलं की डबा उघडून दाखवायची. गुप्त ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं.

पालिकेची प्रत आठ वर्षांपूर्वी दफ्तरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाली. आणखी एक पुरावा आहे, हे नास्तितीला माहीत होतं. तो तिच्या घरी, कपाटात, साड्यांसारख्या घडी केलेल्या बाटिक कापडांखाली होता. त्याची आठवण आली की ती चटकन दुसऱ्या कशाचा तरी विचार करायला लागे. तिला निवृत्त व्हायला अकरा महिने होते.

शहरातला कोणता रस्ता कोणत्या रस्त्याला मिळतो आणि कोणता नुसताच भिंतीला जाऊन थडकतो, याची मोजणी सध्या तिच्याकडे होती. शहर वाढत होतं, पण कसं? जत्रेत प्रत्येकाने आपापला तंबू ठोकावा तसं. प्रत्येक कॉलनीला एक फाटक, एक पहारेकरी, चहूकडून भिंत. शेजारच्या घराची फोडणी नाकाला झोंबते, पण तिथे जायचं तर अर्धा तास. सोमवारी ती दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक घेऊन याच भागात होती. दवाखान्यापासून वस्तीपर्यंत स्कूटरवर येताना सत्तावीस दणके बसले. डब्यातलं सूप पिशवीत सांडलं आणि नोंदवहीला कोथिंबीर चिकटली.

कास्मिनीच्या दारात ती पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. कास्मिनीने केळीचं पान बाजूला करून एक ताटली पुढे केली होती.

"घ्या बाई. विर्योच्या नातीचं नाव ठेवलंय आज. त्याने स्वतः आणून दिली. जपून, चटका बसेल."

बारशाची खीर. पांढरी तांदळाची, त्यावर गुळाच्या तांबड्या खिरीची फुली. फुली इतकी सरळ की पट्टीने आखावी. नास्तिती उन्हातून आलेली, भुकेली. तिने चमचा घातला आणि दोन्ही रंग सैलसर वाहून एक झाले.

"आत्ताच गेला तो. वाटेत दिसला नाही तुम्हाला?"

"नाही, ताई."

"कसा दिसला नाही? वाट तर एकच आहे."

दोघींनी खांदे उडवले होते आणि विषय तिथेच राहिला होता.

आजीची बदकं पाच वाजता एकटीच घरी आली, तेव्हा कास्मिनी शोधायला निघाली. आजी लोखंडी दारापाशी पाटात सापडली. दवाखान्यातली परिचारिका नंतर जे म्हणाली ते पोलिसांनी लिहून घेतलं नाही. म्हणाली, मार लागल्यावर बाई तासभर तरी जिवंत असावी. वेळेवर आणली असती तर वाचली असती.

म्हणजे नास्तिती खीर खात होती तेव्हा, साठ पावलांवर, आजी जिवंत होती.

३

हेन्द्रात्मो साहेब कॉलनीच्या मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीत फिशटँक होता आणि तोही कुलूपबंद होता.

"मी काय म्हातारीला ढकलायला गेलो होतो? सोमवारी दिवसभर सेमारांग शहरात होतो. बहिणीकडे. विचारा."

"रविवारी सभेत तुम्ही म्हणालात, तिचा तो कागद पाटात बुडाला पाहिजे."

"म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. ज्याला बुडवायचाय तो असा ओरडून सांगतो का हो, बाई?" ते खुर्चीत पुढे सरकले. "एकशेचाळीस घरं आहेत इथे. एकच फाटक. कोण आलं, कोण गेलं, सरकुम नंबर लिहून घेतो. बारा वर्षांत एक चोरी नाही. हे दार उघडलं की ही कॉलनी राहत नाही, धर्मशाळा होते."

"किल्ली कुठे असते?"

"पहाऱ्याच्या खोलीत, टेबलावरच्या खिळ्याला. एकच आहे. दुसरी होती ती मीच पाटात टाकली." ते क्षणभर थांबले. "आणि वस्तीचा एवढा कळवळा येतो ना तुम्हाला? मग विर्योला विचारा. बारा वर्षांपूर्वी त्याच्या शब्दावर वस्तीने 'इथे वाट नव्हती' म्हणून अंगठे दिले. बिल्डरने त्याला कोपऱ्यातलं घर अर्ध्या किमतीत उगाच दिलं का?"

फाटकापाशी सरकुमने तिला पाहिलं आणि टोपी उगाचच सारखी केली. तो आजीच्या हातची केळ्याची भजी खाऊन वाढलेला. पण बायको, तीन पोरं आणि नोकरी भिंतीच्या या बाजूला.

"किल्ली दिवसभर खिळ्यालाच होती, बाई. मी हललो नाही."

"दुपारी असरच्या नमाजालाही नाही?"

सरकुमने दोन्ही हात कानांवर ठेवायचे तेवढे बाकी ठेवले. मग नजर खाली. "साहेबांना सांगू नका. तीनला गेलो. सव्वातीनच्या पुढे परतलो. तेव्हा खिळ्याकडे लक्ष नव्हतं. संध्याकाळी मात्र होती, अल्लाशपथ होती."

"त्या दुपारी कुणी आलं?"

"माझ्या खोलीत? कुणी नाही. विर्योदादा आला फक्त, पावणेचारला. बारशाची खीर घेऊन. बिचाऱ्याने ताटली स्वतः टेबलावर ठेवली, शिवाय मला पेलाभर पाणीही ओतून दिलं." त्याचे डोळे भरले. "असा माणूस आहे तो. आणि त्याच घटकेला त्याची काकू तिकडे..."

नास्तितीने वहीत पावणेचार लिहिलं. लिहिताना काहीतरी खुपलं, पण काय ते हाती लागेना.

४

विर्यो तिला दुपारी कब्रस्तानातच भेटला. सगळे गेले तरी तो ताज्या मातीवर पाणी शिंपडत बसला होता. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, वस्तीत आणि कॉलनीत दोन्हीकडे ज्याला चहा मिळतो असा एकमेव माणूस. लग्नाला तंबू उभारायचा असो की कुणाला रक्त द्यायचं असो, निरोप विर्योकडे जायचा.

"मी काल तिच्या दाराजवळून गेलो, बाई," तो म्हणाला. "कास्मिनीकडे ताटली दिली. काकूकडे डोकावलो, ती नव्हती. म्हटलं बदकांमागे गेली असेल. थांबायला हवं होतं."

"घरून कधी निघालात?"

"दुआ झाली, तीनला निघालो. स्कूटरवर. पोचायला साडेतीन झाले. तुम्ही रोज मोजता, तुम्हाला माहीतच आहे."

माहीत होतं. पंचवीस ते तीस मिनिटं. हिशेब चोख बसत होता.

"आजीचा कागद..."

"हरवला म्हणे." त्याने हात झटकले. "आता गुरुवारी काय दाखवायचं आम्ही? माझ्याच वस्तीची वाट, आणि मी तिकडच्या बाजूला राहतो. लोक काय काय बोलतात. सांगा ना बाई, मी कुणाचा?"

त्याचे डोळे खरोखर लाल होते. नास्तितीला त्याची दया आली. चाक ढकलत ती बाहेर पडली आणि हेन्द्रात्मोंनी आपली दिशाभूल केली असं ठरवून मोकळी झाली.

त्या रात्री मात्र तिला एक स्वप्न पडलं. स्वप्नात ती वस्तीकडे येत होती, आणि समोरून विर्यो यायला हवा होता, पण रस्ता रिकामा होता.

५

बुधवारी आजीच्या तिसऱ्या दिवसाची दुआ. सकाळपासून कास्मिनीच्या चुलीवर मोठी भांडी चढली होती.

"बाई, कॉलनीत जाणार ना? मग विर्योची ताटली परत न्या. रिकामी कशी पाठवू?" तिने ताटलीत गुळातली रताळी वाढली, वरून दाट नारळाचं दूध गोल सोडलं, मध्ये पानाचा तुकडा ठेवला. "एवढं शोभेसारखं पोचवा हं. आजीच्या दिवसाचं आहे."

नास्तितीने ताटली पायाशी, पिशवीत घट्ट बसवली आणि स्कूटर हाकली. इतकी सावकाश की मागच्याने शिव्या दिल्या. पहिला पोलीस, दुसरा, सातवा. कारखान्यापाशी लागोपाठ चार. विसाव्याला पिशवीच्या तळाशी ओलं लागलं. कॉलनीच्या फाटकात सरकुमने नंबर लिहून घेतला, तेव्हा घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली होती आणि ताटली गार पडली होती.

विर्योचं घर कोपऱ्यात, लोखंडी दाराला चिकटून. स्वयंपाकघर नवं, पार भिंतीपर्यंत वाढवलेलं, पिवळ्या फरश्यांचं. नास्तितीने उघड्या खिडकीतून त्या फरश्या पाहिल्या. ती वाट आता नेमकी कोणत्या घराखाली आहे हे या शहरात दोनच माणसांना ठाऊक होतं: तिला आणि विर्योला. वाट या फरश्यांखालून जात होती. दार खुलं झालं तर आधी हे स्वयंपाकघर पडणार, मग अर्धं घर.

विर्योने दार उघडलं. छातीशी नऊ दिवसांची नात झोपलेली. त्याने ताटलीवरचं पान उचललं. दूध, गूळ, रताळी यांचा एकच राखाडी लगदा झाला होता, अर्धा पानाला चिकटलेला.

"अरेरे," तो हसला. "जाऊ दे बाई, वाईट वाटून घेऊ नका. या रस्त्याने काही धड पोचतच नाही हो."

बोलून झाल्यावर त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायला तो विसरला.

नास्तिती ताटलीकडे बघत होती. पांढऱ्या खिरीवर तांबडी फुली. पट्टीने आखल्यासारखी. चटका बसेल इतकी गरम.

"दुआला या," ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला. "तीनला. सगळे येणार आहेत."

६

तीनला आजीच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या. बदकं कुंपणाशी गप्प बसली होती. सरकुम आला. हेन्द्रात्मोही आले. नास्तितीने निरोपच तसा धाडला होता: किल्ली घेऊन या, नाहीतर पोलीस मागायला येतील. बारा वर्षांत पहिल्यांदा ते लोखंडी दारातून वस्तीत उतरले आणि कुठे पाय ठेवावा हे त्यांना कळेना. एक हवालदार मागे झाडाखाली उभा होता. विर्यो पुढच्या चटईवर बसला होता.

"दुआच्या आधी एक विचारायचंय," नास्तिती उभी राहिली. "कास्मिनीताई, सोमवारी तुम्हाला मिळालेली खीर कशी होती?"

"कशी म्हणजे? गरम. छान फुली होती वर."

"तुम्ही लग्नाचा शंकूसारखा रचलेला भात स्कूटरवर नेता?"

"वेड लागलंय? सत्तावीस पोलीस आहेत वाटेत. भात टोपलीत नेते आणि शंकू तिथे जाऊन रचते. सगळेच तसं करतात."

"खीर तिथे जाऊन रचतात?"

"छे. दुआ घरी होते, फुली घरीच घालतात."

अंगणात कुणीतरी खोकलं. हेन्द्रात्मो म्हणाले, "थंड होऊन घट्ट झाली असेल. त्यात काय?"

"घट्ट झाली असती तर गरम नसती, साहेब. मी स्वतः खाल्ली. चमचा लावल्यावर वाहत होती. ती ताटली त्या रस्त्याने आलीच नाही. हातात धरून, पायी, दोन-चार मिनिटांच्या अंतरावरून आली. आणि पायी दोन-चार मिनिटांवर विर्योदादांचं घर एकाच वाटेने आहे." तिने दाराकडे पाहिलं.

"खिरीवरून माणसाला फासावर देता?" विर्यो म्हणाला. आवाजात अजून थट्टा होती. "मी हळू चालवली स्कूटर. झालं?"

"बरं, चालवली. मग परत गेलात तेव्हा मला का भेटला नाहीत? तुम्ही निघालात आणि मी आले, मध्ये दोन मिनिटंही गेली नाहीत. वाट एकच आहे, हे ताईच तेव्हा म्हणाल्या." ती सरकुमकडे वळली. "विर्योदादा साडेतीनला इथे होते. पावणेचारला तुझ्या खोलीत. पंधरा मिनिटांत सत्तावीस पोलीस कोण ओलांडतं? जाऊ दे. ओलांडले म्हणू. सरकुम, तू सव्वातीनपासून फाटकावर होतास. आत येणारी प्रत्येक गाडी लिहितोस. विर्योदादांची स्कूटर आत आलेली लिहिलीस?"

सरकुमचं तोंड उघडं राहिलं. त्याने कमरेची वही काढली, पान उलटलं, परत उलटलं. वही बंद केली.

"नाही," तो म्हणाला. "दादा... तू आत आलाच नाहीस."

"आला नाही, कारण तो फाटकाने बाहेर गेलाच नव्हता," नास्तिती म्हणाली. "कॉलनीला आत यायला एकच फाटक ठेवलं ना साहेब, चोर सापडावा म्हणून? सापडला. नमाजाच्या वेळी खिळ्यावरची किल्ली घेतली, आणि पावणेचारला ताटली टेबलावर ठेवता ठेवता परत लावली."

विर्यो उठला नाही. त्याने पुढ्यातल्या चटईची एक काडी उपटली, मग दुसरी.

"मी ढकललं नाही तिला," तो म्हणाला.

कास्मिनीने तोंडाला ओढणी लावली.

"कागद मागत होतो. नुसता मागत होतो. म्हटलं काकू, घर पडेल माझं, नात सात दिवसांची आहे. ती म्हणाली, घर पडलं तर माझ्या अंगणात बांध, वाट कशी गिळतोस? मी डबा ओढला. ती फळीवरून खाली गेली."

"आणि ताटली?"

"खाली ठेवली होती दगडावर." त्याने वर पाहिलं. त्याला हे समजावून सांगायचं होतं. "ती टाकून कशी देणार? नातीच्या नावाची खीर होती, बाई. ती मातीत टाकली तर पोरीला आयुष्यभर लागतं. ती पोचवायलाच हवी होती."

वस्तीतल्या प्रत्येकाला हे पटलं होतं, आणि पटलं म्हणून सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

"परत येताना ती जिवंत होती," नास्तिती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

विर्योने मान हलवली.

"उठून बसली होती, दगडाला टेकून. चिडली नव्हती. मला म्हणाली, दार तेवढं उघडं ठेव रे बाळा. मी जाते हळूहळू दवाखान्यात. चालत जाईन." त्याने काडी मोडली. "मी कुलूप लावलं."

७

हवालदार पुढे आला. विर्यो उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता. लपवायचं काही उरलं नाही की माणसाला एक प्रकारची निर्लज्ज मोकळीक मिळते, तसा.

"कागद चुलीत गेला, बाई. त्याच रात्री. आता उद्या वाट होती असं सांगणारं कोण आहे? वस्तीवाले? त्यांचे अंगठे आहेत, वाट नव्हती म्हणून. मीच घेतलेत." तो तिच्या जवळ आला आणि आवाज खाली आणला. "आणि नकाशा मी नाही आखला. मी फक्त किल्ली फिरवली. 'वहिवाट नाही' असं लिहून सही कुणी केली, ते मी बारा वर्षांपूर्वीच वाचलंय. अकरा महिने राहिलेत ना तुमचे? सांभाळा."

त्याला नेलं. लोखंडी दारातूनच नेलं, कारण हवालदाराची गाडी मोठ्या रस्त्यावर होती. हेन्द्रात्मोंनी न सांगता दार धरून ठेवलं.

नास्तितीने चाक उचललं आणि पाटापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत चालत गेली. तीनशे चाळीस मीटर. सहा मिनिटं लागली, आणि त्यातलं एक मिनिट ती उगाच उभी होती.

गुरुवारी सुनावणीत अध्यक्षांनी विचारलं, कागद कुठे आहे. कास्मिनी मांडीवर रिकामा पानाचा डबा घेऊन बसली होती. बिल्डरच्या वकिलाने घड्याळ पाहिलं.

नास्तितीने पिशवीतून एक जुनी मोजणीवही काढली. बारा वर्षांपूर्वीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. तिला ती कपाटातून काढायला काल संध्याकाळ लागली होती आणि उघडायला रात्र. तिने पान उघडून टेबलावर ठेवलं. पानावर पेन्सिलीने पाट होता, फळी होती, फळीपासून कब्रस्तानापर्यंत एक वाट होती. शेजारी तिच्याच अक्षरात: पायवाट, सहा फूट, रोजच्या वापरातली, माहिती देणार दार्सिना. खाली एक अंगठा. तेव्हाचे रस्तेविभागाचे साहेब म्हणाले होते, एवढ्याशा वाटेसाठी कॉलनी अडवायची का? तिची बढती जवळ आली होती. तिने तांबडी पेन्सिल घेतली होती.

अध्यक्षांनी चष्मा लावला. पांढऱ्या कागदावर, त्या वाटेवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ तांबडी फुली होती.

"ही फुली कुणी मारली?"

कास्मिनीने डबा घट्ट धरला. वकिलाने घड्याळावरून नजर काढली.

"मी," नास्तिती म्हणाली. "तेही लिहून घ्या."